दाभोळ–धोपावे, आणि पुढे

फेरीबोटीच्या खिडकीवर दरांचा फलक:
चारचाकी, दुचाकी, प्रौढ, लहान मूल,
गाय-म्हैस नगाप्रमाणे, आंब्याची पेटी वेगळी.
कुत्रा नाही. मांजर तर नाहीच.
तिकीटवाला पोरगा पेन कानामागे खोचून
गाडीत डोकावतो.
"माणसं किती?"
"एक."
मागच्या सीटवर मुरब्बा त्याच्याकडे बघून
अकरा वर्षांची जांभई देतो, पडलेल्या दातांसकट.
"एकच?"
पोरगा स्वतःशीच काहीतरी हिशेब करतो
आणि कुत्र्याचे पैसे घेत नाही.

वलसाड सोडून आज तिसरा दिवस.
हायवेनं कुमठा लवकर आलं असतं,
पण तलाठ्याला ट्रक सोसत नाहीत.
तलाठी म्हणजे मांजर.
कुठल्याही घरात शिरला की आधी कोपरे मोजतो.
पनवेलपासून त्यानं जो सूर लावला
तो माणगावला मी समुद्राकडे वळेपर्यंत.
मग खाडीमागून खाडी. बोटीवर मात्र तो गप्प.
पिंजऱ्याच्या जाळीला एक डोळा लावून बसलेला.
जमीन हलतेय, आणि
अर्ज कुणाकडे करायचा ते कळत नाहीये.

गुहागरात लॉजवर पाटी होती, 'फक्त फॅमिलीसाठी'.
मी म्हटलं, हीच फॅमिली.
मॅनेजरचं मत वेगळं पडलं.
ती रात्र एका पेट्रोल पंपामागे, काच चार बोटं खाली,
माझे पाय स्टिअरिंगखाली,
आणि मुरब्ब्याचं घोरणं, जे मला घरीही
झोपू द्यायचं नाही, आणि त्याशिवाय झोपही यायची नाही.

वीस वर्षं गुजरातेत,
आता बँकेनं धाडलंय कर्नाटकात.
मधे हा एवढाच पट्टा, जिथं भाजी घेताना
आधी मनात वाक्य जुळवावं लागत नाही.
मुरब्ब्याचं उलटं. त्याला सोसायटीच्या चौकीदारानं वाढवलेलं.
त्याचे हुकूम गुजरातीत, लाड मराठीत.
"बेस" म्हटलं की बसतो,
"बस" म्हटलं तर मी थकलेय असं समजून
हात चाटतो.

मिठबावला त्याला उचलून खाली ठेवला.
हल्ली प्रत्येक थांब्यावर उचलावा लागतो,
मागचे पाय सकाळी ऐकत नाहीत.
त्याला माहीत ती तिथलची काळी वाळू.
ही पांढरी बघून तो थबकला,
एक पंजा ठेवला, मागे घेतला,
माझ्याकडे बघितलं, हा समुद्र खरा आहे ना?

सत्यवती कोयंड्यांनी पडवी दिली,
आधी नेहमीचा प्रश्न विचारून: "एकटीच इलंस?"
मी हो म्हणायच्या आत तलाठी पिंजऱ्यातून सुटला,
पडवीचे चारही कोपरे मोजून
त्यांच्या बांगड्याच्या टोपलीशी येऊन बसला.
"एकटी खंय गो," त्या म्हणाल्या, "तिगां असास,"
आणि भाताच्या तीन मुठी जास्त टाकल्या.
रात्री मी थोडी रडले. कशासाठी ते नीट सांगता येत नाही.
बांगडा फार तिखट होता, हेही खरं.

बांद्याच्या पुढे किलोमीटरचा शेवटचा दगड.
मुरब्ब्याचा पाय आता वर होत नाही,
तो नुसता दगडाला टेकून उभा राहतो
आणि सावकाश आपली नोंद करतो.
मागे म्हसळ्यापासून प्रत्येक दगडावर
त्याचा पत्ता आहे, कुणी शोधलंच तर.

कुमठ्याच्या घरमालकिणीचा मेसेज आलाय.
गोल गोल अक्षरं, एकही ओळखीचं नाही,
शेवटी मांजराचं एक चित्र. तेवढं वाचता आलं.
'ये'ला तिकडे 'बा' म्हणतात,
शाखेतल्या शेट्टींनी शिकवून ठेवलंय.
गाडीचं दार उघडून मी म्हणून बघते,
"बा."
दगड सोडून तो वळतो, कान टवकारून.
आपल्या नावातलं अर्धं राहिलं कुठे,
ते बघायला येतो.