ठोकळा

परतवाड्याला, लाकूड डेपोच्या समोर, माझं पंक्चरचं दुकान.
सांज पडली की तिथं जमतात
रिटायर झालेले हात.
चहाचा ग्लासही धरतात स्टेअरिंगसारखा, दोन्हींनी.

"सत्तावीस वळणं होती," शालिक तायवाडे म्हणतो.
"एकोणतीस," मुनाफभाई म्हणतो,
"दोन वळणांवर तू डोळे मिटून घे,
म्हणून तुले कमी भरतात बे."
हसतात. खोकतात.
मग कुणीतरी काढतोच हिशेबाच्या वळणाची गोष्ट,
जिथं चढताना माणसाला
उधारीवर ओढलेली विडीसुद्धा आठवायची.

शालिकच्या गाडीत या खेपेला बारा टन साग.
गेल्या पोळ्याला नऊ होता.
साग तोडल्यावरही वाढतो,
हे मला या ओट्यावर कळलं.

मुनाफभाईच्या गोष्टीत बॉनेटमधून वाफ,
आणि झऱ्यावरून गुंडी भरून आणणारी कोरकू पोरगी.
पैसे नको म्हणाली.
हॉर्न वाजवून दाखव म्हणाली, एकदाच, मोठ्ठा.
तो वाजवला की नाही
हे मुनाफभाई दर वेळी वेगळं सांगतो.

माझी गोष्ट कुणी विचारत नाही.
क्लिनर गाडीच्या बाहेर असतो.

सेमाडोह सुटलं, चढ लागला
की नत्थू उस्ताद म्हणायचा, उतर.
मी चौदा वर्षांचा. मागच्या चाकाशी, पायी,
बगलेत बाभळीचा तिकोनी ठोकळा.
गाडी हातभर चढे,
मी ठोकळा हातभर सरकवी.
धूर सगळा माझ्या तोंडावर.
उस्तादचा पाय मला दिसत नसे,
माझा हात उस्तादला.
मधे एकच शब्द ये-जा करायचा:
"लाव!"

पुसातली रात्र. हिशेबाचं वळण.
गेअर निसटला.
कसा, ते मला ठाऊक नाही, मी आत नव्हतो.
गाडी मागं आली.
"लाव" आलंच नाही.
मी लावला.

ठोकळा खडी चावत वीतभर घसरला
आणि थांबला.
गाडी थांबली. इंजिनही थांबलं.
मग इतकं सामसूम,
की चाकाखालून निसटलेला एक दगड
दरीच्या तळाला पोचल्याचं
बऱ्याच वेळानं ऐकू आलं.

उस्ताद उतरला.
तंबाखू काढली, चुना लावायचा विसरला,
तशीच तोंडात टाकली.
माझ्याकडं न बघता म्हणाला,
"घरी नको सांगजो."
कोणाच्या घरी, ते बोलला नाही.
मी दोन्हीकडं सांगितलं नाही.

त्याच्या तेरवीला
त्याच्या पोरानं मला बाजूला घेऊन विचारलं,
आमचा बाप गाडी कसा चालवे?
मी म्हटलं, हलक्या पायानं.

आता रस्ता रुंद झालाय.
दहा चाकी गाड्या चढतात,
ड्रायव्हर मोबाइलवर बायकोशी भाजीचं बोलत असतो.
हिशेबाच्या वळणावर पिवळी पाटी आहे,
तिच्यावर नाव नाही, नुसता वाकडा बाण.

ठोकळा दुकानातच असतो.
मुनाफभाई त्याच्यावर दुखरा पाय टेकवून बसतो.
एका अंगाला टायरची नक्षी उमटलेली आहे,
बघून दिसत नाही, बोटाला लागते.
"कायचं लाकूड होये हे?" परवा त्यानं विचारलं.
"बाभळीचं."
"बाभूळच पायजे," तो म्हणाला,
आणि पुन्हा सुरू झालं
सत्तावीस, एकोणतीस.

मी पायी चढलोय तो घाट.
आकडा मला पाठ आहे.
ट्यूब पाण्यात बुडवली
आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत राहिलो.