आरामशिनीवरचा भुसा

उशी करायची म्हटलं तर सगळे हसले.
घरात कापूस मावत नाही,
दिवाणाखाली, माळ्यावर, पोरांच्या केसांतसुद्धा,
आणि ही बाई दारव्ह्याच्या आरामशिनीवर
भुशाचं पोतं मागत उभी.

'कापूस नोको भरू वं,' एस्तेरबाई म्हणाली होती,
'कापूस सगळ्याइचं ऐकून घेते, धरून काहीच ठेवत नाही.
टाचणी उभी राहाले पायजे,
बैल बांधाच्या खुट्यावानी.'

आधी तुरीचं कुटार भरून पाहिलं,
रात्रभर उंदीर त्यात वाचत बसला.
मग गव्हांडा. तो आतून पोकळच राहिला,
टाचण्या बाजाराच्या दिवशीच्या माणसांसारख्या कलायच्या.
शेवटी भुसा, सागाचा, दोन उन्हं दाखवलेला,
मूठ मूठ घालून बत्त्यानं ठोकला,
शिवण रडायला लागेपर्यंत.
नवरा म्हणाला, यावर झोपलं तर मान मोडेल.
म्हटलं, हिच्यावर कुणी झोपायचंच नाही.

लोडासारखी गोल केली असती
तर काठ न थांबता निघाला असता, नुसतं फिरवत जायचं,
पण कांड्या दोन्हीकडून घरंगळतात.
परातीसारखी चपटी, मधे जराशी फुगलेली,
तिच्यावर त्या गुमान पडून राहतात.
फक्त चार बोटं विणून झाली की उशी संपते,
सगळं उचलून पुन्हा वर न्यायचं.
मी परात घेतली.
उचलून पुन्हा वर न्यायची मला सवय आहे.

कांड्या हळदूच्या.
गोवर्धन वाढयानं खरादावर कातल्या,
पिवळसर, करंगळीएवढ्या, अठ्ठेचाळीस.
साग जड होतो, सूत तोडतो.
प्रत्येकीच्या शेपटाला तारेत ओवलेला मणी,
लोळू नये म्हणून, ओळखू यावी म्हणून:
हे पोळ्याला तुटलेल्या घोगरमाळेचे,
हे थोरलीच्या मनगटावरचे, तिला आता होत नाहीत,
आणि कडेच्या जोडीचा हा निळा, कपचा उडालेला,
कुठून आला ते मी सांगत नाही.

अठ्ठेचाळीस, पण हातात एका वेळी चारच.
ओलांड. पीळ. टाचणी.
ओलांड. पीळ.
बाकीच्या चव्वेचाळीस
स्वेटरच्या सुयांनी अडवून डावी-उजवीकडे निजवलेल्या.
विणणं सोपं आहे.
ज्यांची पाळी नाही
त्यांना गुंतू न देता थांबवून ठेवायचं, ते अवघड.
मोठ्या जाऊबाईंना हे सांगितलं
तर म्हणाल्या, एवढंच ना? मग आण इकडं.

शनिवारी दिग्रसच्या यस्टीत उशी मांडीवर घेतली,
जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळून.
खड्डा आला की आतून खुळखुळ.
कंडक्टर वाकला,
'झोपलं काय लेकरू?'
'झोपलं,' म्हटलं,
आणि उतरेपर्यंत थोपटत राहिले.

एस्तेरबाईच्या डोळ्यांत आता सायच साय.
लेकीच्या ओसरीत बसून तिनं लुगडं बाजूला केलं.
नक्षीला हातच लावला नाही.
कांड्यांच्या शेपटांवरून बोटं नेली,
खरखरीत, गुळगुळीत, गुळगुळीत,
आणि कपच्यापाशी थांबली.

'हा आत काहून आला? याची जागा तं कडेले.'

बघितलं. खरंच, कडेची जोडी आत शिरली होती,
केव्हाची, दोन बोटं मागं,
बहुतेक लाइन गेली त्या संध्याकाळी.
कुणाला दिसलं नसतं.
मला दिसलं नव्हतं.

'उसव,' ती म्हणाली, आणि लेकीला चहा सांगितला.

मी टाचण्या काढत गेले,
पीळ उलटा, ओलांड उलटी,
ती शेजारी बसून कांड्यांचा आवाज ऐकत होती.
चहा आला तोवर
मी मागच्या मंगळवारपर्यंत पोचले होते.