अक्षराला आठ आणे

भांडीबाजारात बाबांचं दुकान म्हणजे
दुसऱ्याच्या दुकानाची पायरी.
एक पाट, एक छिन्नी,
आणि दिवसभराची टिकटिक.
गिऱ्हाईक डबा पुढे करायचं : नाव घाला.
बाबा विचारायचे, काय घालू?
आणि त्याच श्वासात, अक्षराला आठ आणे.

तिथून नावं आखडायला लागायची.
सौ. इंदुमती रंगनाथ क्षेमकल्याणी
उभ्या उभ्या सौ. इं. रं. क्षे. व्हायच्या.
'सप्रेम भेट'मधलं सप्रेम
सगळ्यात आधी गळायचं.

परवा त्यातलाच एक डबा घेऊन कुणीतरी घरी आलं.
वाटणीत आलेला. हा कुणाचा हो?
बाबांनी आपलं अक्षर ओळखलं.
माणूस नाही ओळखता आला.

मी कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
उन्मेष आणि तरन्नुमबरोबर
एक छोटी भाषा बांधते,
संगणकाची, पण मराठीतली, शाळेतल्या पोरांसाठी.
व्याकरण जानेवारीतच उरकलं.
नावं अजून चालू आहेत.

एकावर एक ठेवायचं, वरचं आधी उचलायचं,
त्या रचनेला मी म्हटलं उतरंड.
तरन्नुम म्हणाली, मग पोरं मोठं मडकं खाली शोधत बसतील.
चवड ठेवली.
वरचं उचलायला उन्मेषनं लिहिलं : काढ.

काढ!
मराठी माणूस काय काढत नाही?
चित्र काढतो, कर्ज काढतो, दिवस काढतो,
जेवायला बसला की शेजाऱ्याची उणीदुणी काढतो.
काढलेलं हातात येणार की उकिरड्यावर जाणार
हे ते क्रियापद एकटं सांगत नाही,
त्याला सोबत लागते.
काढून दे.
काढून टाक.

क्रम लावायचंही तेच.
यादी स्वतःच हलून नीट बसली, तर लावून घे.
जुनी जागेवर आणि नवी माझ्या हातात, तर लावून दे.
यावर आम्ही सहा महिने इंग्रजीत भांडलो,
आणि तिकडे पिंपळगावला पॅकिंग शेडमध्ये
मावशी रोज नव्या पोरीला सांगत होती :
अगं, टपोरे घड मला काढून दे,
सडके मणी काढून टाक,
आधी तुझी पेटी नीट लावून घे.

'रिकामी' मी खोडलं.
रिकामी कर, की रिकामी आहे ते सांग?
उन्मेष म्हणाला, मग 'रिकामी का' कर.
म्हणजे चवडीला जाब विचारल्यासारखं.
'रिकामी आहे का' लिहिलं
तेव्हा कुठे तो साधा प्रश्न झाला.

मग आम्हाला चेव चढला.
एक नाव तर असं झालं :
वरचं काढून दे आणि काहीच नसेल तर तसं सांग.

रविवारी बाबांना दाखवलं.
आता हाताला कंप आहे,
छिन्नी यंत्र आलं तेव्हाच गेली.
म्हटलं, इथे अक्षराला पैसे पडत नाहीत, बाबा.
ते पडद्यावर बोट ठेवून वाचत गेले,
त्या लांब नावाच्या मध्यावर दम लागला.
"वाचणाऱ्याला पडतात," म्हणाले.
आणि थोड्या वेळानं, चहा ओतता ओतता :
"हाक मारून बघितलीस का?
भर बाजारात, ठोक्यांच्या आवाजात.
पलीकडून ओ आली पाहिजे."

सोमवारी ऑफिसात पंखा पाचावर,
खाली रिक्षांचा गोंगाट.
मी खुर्चीतूनच ओरडले : काढून दे!
तरन्नुमनं मान वर न करता
चवडीतला वरचा कागद माझ्या हातात दिला.
काढून टाक!
उन्मेषनं दोन्ही हात
आपल्या कीबोर्डवर आडवे धरले.
लावून घे, म्हटल्यावर
तो मुकाट्यानं टेबल आवरायला लागला.

उलट!
कुणीच हललं नाही.
तरन्नुमनं विचारलं, कशाच्या?

ते नाव अजून पाटावर आहे.