शेवटची चकती

हमरियातल्या बालवाडीचा एसी दुरुस्त करायला गेलो होतो,
एवढंच.
शमसाबाईंनी चहासोबत एक अस्वल पुढं ठेवलं.
पाठीवर बटण, हरभऱ्याएवढं.
"मेहरीनला बोटं आहेत," त्या हिंदीत म्हणाल्या,
"पण ती एकेकटी येत नाहीत,
सगळी मिळून येतात."

रात्री खोलीवर, खालच्या बंकवर नियाझ घोरत असताना
मी अस्वलाची पाठ उसवली,
दोन वायरी बाहेर ओढल्या,
जुन्या पॅनेलचं लाल बटण जोडलं, बशीएवढं.
तळहातानं दाबून पाहिलं.
अस्वलानं ढोल बडवला.
नियाझ उठून बसला.

मग शुक्रवार तिथल्या खेळवर्गाचेच झाले.
भातुकलीच्या पळ्यांना सायकलच्या मुठी चढवल्या.
रय्यानच्या चेंडूत खजुराच्या बिया भरल्या.
तो मान तिरकी करतो, आणि चेंडू कुठल्या कपाटाखाली गेला
ते डोळस पोरांच्या आधी सांगतो.

लगोरी मात्र माझी हौस.
लांज्याला आम्ही फुटक्या कौलांची रचायचो.
इथं फोमच्या सात चकत्या कापल्या.
मेहरीनचा हात थरथरतो,
रचताना ढासळू नये म्हणून
प्रत्येकीला वेलक्रो लावला.
वारा आला तरी हलणार नाही, असं काम.

मेहरीननं चेंडू भिरकावला.
नेम बरोबर.
सातही चकत्या जागच्या जागी.

तिनं माझ्याकडं पाहिलं.
त्या नजरेला दुभाषा लागत नाही.

गालिच्यावर बसलो,
एकेका चकतीचा वेलक्रो ओढून काढला, चर्र, चर्र.
रय्यानला तो आवाज इतका आवडला
की एक पट्टी त्यालाच देऊन टाकली.

आता लगोरी पडते.
फोमच तो, आवाज कसला येणार,
मेहरीनच ओरडते त्याच्या वाटचं.
रचायला सगळी येतात,
कुणी धावत, कुणी सरपटत, एकजण चाकांवरून,
कुणाची चकती तिरकी बसते, पुन्हा पडते,
पुन्हा ओरडा.
नियम पोरांनीच ठरवला, मला विचारलं नाही:
शेवटची चकती मेहरीनची.
तिचा हात हवेत भटकतो,
पुढं जातो, मागं येतो, कुठल्या तरी तिसऱ्याच गावाला जाऊन येतो,
आणि चार वर्षांची पोरं
थांबतात.

बाहेर रुवीचे बोडके डोंगर तापलेत.
एसी पुन्हा गळतोय.
बघतो म्हटलंय,
हा डाव संपला की.