पंख्याच्या दिशेने

भांडुपला, एलबीएस मार्गाला लागून,
पतपेढीच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल.
रविवारी इथे बारसं झालं असणार,
भिंतीवर थर्माकोलची दोन अक्षरं अजून चिकटलेली : इरा.
दोन दिवस मी त्यांच्यापुढे उभी राहून सांगतेय,
स्वतःला ओळखा, रागाला नाव द्या, श्वास मोजा,
आणि चहाच्या वेळी एकानं वही उघडून विचारलं,
"मॅडम, इ-रा म्हणजे नक्की काय? इच्छा आणि राग का?"
मी म्हटलं, असं बघा,
आणि पुढची दहा मिनिटं त्यावरच बोलले.
बरं बोलले.

बावीस वर्षं हेच काम.
बॅगेत मार्कर, चिकटपट्टी, रंगीत कार्डं,
घशासाठी खडीसाखर,
आणि टिश्यूचा डबा, जो मी ठेवते
हात पोचेल पण आधी दिसणार नाही असा.
कोण कधी रडेल ते मला कळतं.
साधारण पावणेचारला, जेवणाचा जडपणा उतरला की.
आधी बायका रडतात असं लोकांना वाटतं.
आधी रडतो तो सकाळपासून विनोद करणारा.

वसुली विभागातली तीस माणसं.
दुसऱ्यांची दारं वाजवायची नोकरी.
मी मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवली
आणि नेहमीचं वाक्य म्हटलं :
ज्या माणसाशी बोलायचं राहिलंय
तो इथं बसलाय असं समजा.

दिवेकर साहेबांवर ओरडला.
निलोफर मुजावर आईला म्हणाली, तू खोटं बोललीस,
मग नुसतंच, खोटं, खोटं,
आवाज पायरी पायरीनं उतरत गेला.
कोयंडे बायकोची माफी मागायला गेला
आणि मध्येच तिच्याच चुका मोजायला लागला,
सगळे हसले, तोही हसला.
टिश्यू त्यानंच घेतला. घड्याळात तीन पन्नास.

शेवटी भालचंद्र पेडामकर. मार्चमध्ये निवृत्ती.
दोन दिवसांत 'हजर'च्या पलीकडे शब्द नाही.
आले, खुर्चीकडे पाहिलं,
दोन्ही हातांनी उचलून पंख्याखाली नेली,
पाठ भिंतीकडे, तोंड वाऱ्याकडे.
टेबलावरचा ग्लास आणला, वर बशी झाकली,
आणि खाली फरशीवर ठेवला, डाव्या हाताला लागेल असा.
आधी उजवीकडे ठेवला होता.
मग आठवल्यासारखं करून डावीकडे.

"बसा," म्हणाले.
आणि स्वतः समोर मांडी घालून बसले.

चार मिनिटं.
खालच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर एकदा चालू झाला, बंद झाला.
अशा वेळी विचारायचे माझ्याकडे सहा प्रश्न आहेत,
छापील आहेत, लॅमिनेट केलेले.
एकही तोंडात आला नाही.
तीस माणसं, आणि कुणाचा मोबाइलसुद्धा नाही.

"झालं, मॅडम."
गुडघ्यावर हात टेकून उठले, जागेवर जाऊन बसले.
मी म्हटलं, धन्यवाद. आता आपण
काय म्हटलं ते आठवत नाही.

सगळे गेल्यावर अभिप्रायाचे कागद चाळले.
सत्र छान. चहा गार. सत्र छान, अजून गोष्टी सांगाव्यात.
पेडामकरांनी प्रत्येक चौकटीत 'समाधानकारक' लिहिलेलं,
अक्षर पासबुकातल्यासारखं सरळ.
सूचना : पंख्याचा आवाज येतो. तेल द्यावे.

सफाईच्या तारामतीबाई खुर्च्या एकात एक घालत आल्या
आणि त्या खुर्चीपाशी थांबल्या.
"ही उचलू? का कोण यायचंय?"

बावीस वर्षं मी प्रश्न परत करायला शिकवतेय.
सवयीनं म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी खुर्ची पाहिली, ग्लास पाहिला,
बशीवरची माशी हातानं उडवली.
"पाणी तरी पिऊ द्या की त्यांना," म्हणाल्या,
आणि भिंतीपाशी जाऊन
नखानं थर्माकोल खरवडायला लागल्या.
रा अख्खा निघाला.
इ-ची वेलांटी तिथंच राहिली.