चाळीस पेले

आमच्या मंडळीचे पेले चाळीस.
काचेचे, अंगठ्याएवढे,
कुण्या काळी मिशनच्या मडमेनं पेटीसकट दिलेले.
आता ते मी धुते,
भोकरदनला, केळणेच्या अंगाला,
पत्र्याच्या मंदिरामागं, एका घमेल्यात.
शनिवारी काळ्या मनुका उकळते, पिळते, गाळते,
पहिल्या रविवारी भरते,
आणि भक्ती सुटली की मोजते.

चौदा महिने दोन पेले भरलेलेच परत आले.

एक एलीशिबाबाईचा. एक शमुवेल खंडागळेचा.
तिची जागा डाव्या खिडकीपाशी, त्याची उजव्या.
मधून पाळकसाहेब तबक घेऊन निघाले
की दोघंही खाली बघायचे,
जणू फरशीवर काही सांडलंय.

भांडण चुन्याचं.
नाताळाआधी भिंतींना चुना दिला, सतराशे रुपये,
अन् वार्षिक सभेत शमुवेल उठून बोलला,
"पावती कुठंय, बाई?"
एवढंच.
पण तो जालन्याला लोखंडाच्या भट्टीवर कामाला,
त्याचा साधा आवाजही ओरडल्यासारखा निघतो.
आणि एलीशिबाबाईनं तीस वर्षं अंगणवाडीत
मुरमुऱ्यांचासुद्धा हिशेब ठेवलेला.
तिनं किल्ल्या टेबलावर आपटल्या.
त्यातली एक अजून वाकडी आहे.
मला ठाऊक, कारण किल्ल्या माझ्याकडं आल्या.

पाळकसाहेबांनी प्रीतीवर तीन उपदेश दिले.
दोघांनीही माना डोलावल्या.
दोघांनाही वाटलं,
बरं झालं, समोरच्याला ऐकवलं.

आता माझं सांगते.
काच काचेला लागू नये म्हणून
पेटीत मी कागदाचे बोळे कोंबते.
पाऊस सरला तेव्हा एक बोळा हातात उलगडला.
चुन्याची पावती. सतराशे. सही, शिक्का.
सभेच्या दिवशी टेबलावरच्या रद्दीतून
मीच उचलली असणार, न बघता.
मग बघितली.
मग चुरगाळून परत तिथंच ठेवली.

काऊन?
किल्ल्यांचा जुडगा कमरेला बरा वाटायचा.
आणि माझ्या धाकटीच्या लग्नात
एलीशिबाबाई चारचौघांत म्हणाली होती,
वरण पाणचट झालंय.
अकरा वर्षं झाली त्याला.
मी कुणाशी भांडले नाही, देवाशप्पथ.
मी नुसती गप्प बसले,
दर महिन्याला ते दोन पेले
लिंबाच्या बुडाशी ओतत.

मागच्या महिन्यात तबक माझ्यापुढं आलं
आणि हातच उठेना.
पाळकसाहेब थांबले. मागची माणसं थांबली.
मी उभी राहिले. पदराची गाठ सुटता सुटेना.
"ही माझ्यापाशी होती," म्हणाले,
"सहा महिने मला माहीत होतं."
पंख्याची करकर तेवढी ऐकू आली.
कुणी आमेन म्हटलं नाही. बरंच झालं.
त्या दिवशी तीन पेले राहिले.

संध्याकाळी शमुवेल
मोसंब्यांची पिशवी घेऊन तिच्या दारात गेला.
ती आतूनच म्हणे बोलली,
"फोडणी टाकलीय, आत्ता नको."
तो पायरीवर बसून राहिला.
फोडणीला वेळ तो किती लागतो?
दिवे लागल्यावर दार बोटभर उघडलं,
पिशवी आत गेली, माणूस बाहेरच.
तरी तो बराच वेळ उठला नाही, शेजारीण सांगते.
त्यांच्यात काय झालं, मला माहीत नाही.

माझ्याशी ती बोलत नव्हती.
पण आज भक्तीनंतर मागं आली,
पदर खोचला, फडकं उचललं.
मी धुवायचे, ती पुसायची.
तिचे हात आता थरथरतात.
चौदा महिन्यांत मी ते पाहिलंच नव्हतं.
एक पेला निसटला, दगडावर फुटला.
मी सवयीनं उरलेले मोजायला लागले,
एक, दोन, तीन…

"राहू दे गं," खजिनदारीणबाई म्हणाली. "मोजू नको."

आणि मग, काच वेचता वेचता,
"वरण खरंच पाणचट होतं, दीना."