चौदा फूट, तीन

विलिस्टनच्या पुढे, जिथे रस्त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे,
तिथे सहा टाक्या रांगेत उभ्या.
वीस पायऱ्या. कठड्यावर बर्फ.
पहाटेचे तीन, उणे बावीस.
एमिलियो, कॉफी संपव आणि ऐक,
तू बसलास ती जागा आधी ऑरिनची होती.

वर जायचं, झाकण उघडायचं,
फितीचा पितळी लोलक आत सोडायचा,
तेल कुठवर आलंय ते वाचायचं, लिहायचं.
पोरखेळ, म्हणायचा तो.
वायू ओळखणारं यंत्र कोटाच्या आत लावायचा,
कारण ते दर टाकीला कोकलायचं,
आणि रोज कोकलणाऱ्याचं कोण ऐकतं?

झाकण उचललं की टाकी श्वास सोडते.
रात्री दिसत नाही.
उन्हाळ्यात डांबरावर हवा थरथरते ना, तशी असते.
पहिल्या श्वासाला गोडसर,
दुसऱ्याला नाक फितूर होतं.
तिसऱ्याचं सांगायला कुणी आलेलं नाही.

मी खाली पाइप जोडत होते.
पडल्याचा आवाज झाला नाही.
दिव्याखाली त्याची पाठ दिसत होती, गुडघ्यांवर वाकलेली.
वाटलं, फीत अडकली असेल.
मी हॉर्न वाजवला.
दोनदा. चेष्टेनं.

दाखल्यावर लिहून आलं : हृदय.
एकोणतीस वर्षांचं,
शनिवारीच बर्फावर हॉकी खेळून आलेलं.
सिग्ने माझ्या स्वयंपाकघरात
तो कागद उलटसुलट करत बसली,
जणू खरं कारण मागच्या बाजूला असेल.

ते त्याच्या वहीत होतं.
टाकी चार. चौदा फूट, तीन
आणि 'इंच' लिहायला निघालेली पेन्सिल
पानाच्या काठापर्यंत घसरत गेलेली,
केसाएवढी रेघ.

कंपनीनं पिवळी पाटी लावली.
जमिनीवरूनच मोजणारं यंत्र येणार म्हणे, वसंतात.
कुठल्या वसंतात, ते पाटीवर नाही.

तोवर मुखवटा नळीसकट चढव.
यंत्र कोटाच्या बाहेर, गळ्याशी.
वारा पाठीवर घेऊ नकोस, तो वळसा घालून
तुझ्याच तोंडाशी येतो. कुशीवर घे.
झाकण उघडलंस की मागे हो,
टाकीला तिचा श्वास टाकू दे,
घाई आपल्याला नाही, ती ऑफिसातल्यांना आहे.

मी खालीच उभी आहे.
दर मिनिटाला हाक मारीन.
ओ दे. शिवी दिलीस तरी चालेल.
आणि आकडा
पुरता लिही.